वाचल्याची खूण

"हा पहारेकरी पुन्हा आला!" रुचीनं स्क्रू काढायचा पेचकस टेबलावर आपटला. समोर कोणाचा तरी लॅपटॉप पोट उघडून पडला होता.

मोनाली समोरच्या ठेल्यावरून आलुबोंडे घेऊन आत आली. "काय म्हनते आता तुझा दुश्मन?"

गोंदियात कॉम्प्युटर दुरुस्तीचं एक छोटंसं दुकान, तिथं दोघी कामाला. आणि फावल्या वेळात रुचीचा जीव 'हरकारा'त. हरकारा म्हणजे मराठीतून ईमेल करायचं सॉफ्टवेअर. एकदम फुकट, कोड सगळ्यांना खुला, कोणीही पाहावा, कोणीही सुधारावा. इकडच्याच काही पोरापोरींनी मिळून बनवलेलं. मालक कोणी नाही, म्हणून काही बदलायचं असलं की आधी चर्चापानावर पोटभर भांडायचं आणि मग मतं टाकायची.

आणि सध्या भांडण कशावरून? एका खुणेवरून! हरकारात कोणी मेल उघडला रे उघडला, की पाठवणाऱ्याकडे आपोआप 'वाचलं' अशी खूण जायची. सुरुवातीपासून हे चालूच. नको असलं तर सेटिंगमध्ये जाऊन शोधून बंद करा. मागच्या महिन्यात 'पहारेकरी' असं नाव लावून कोण्या माणसानं तक्रार टाकली: 'सदर खूण वापरकर्त्यास न विचारता पाठविली जाते, हे मला आजच समजले. ही सोय मुळातच बंद असावी. ज्यास हवी त्याने सुरू करावी.'

झालं! अर्धे इकडे, अर्धे तिकडे. आणि 'चालूच ठेवा' म्हणणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण? 'मोहफूल'. म्हणजे आपली रुची.

"पन रुची, तो बरोबर बोलून राहिला ना," मोनाली बोंडा फोडत म्हणाली. "ठगानं मेल पाठवला, आपुन उघडला, का त्याले समजते इथं मानूस हाये म्हनून. मंग तो पिच्छाच सोडत नाही."

"मले नाही मालूम का ते?"

"मंग काऊन भांडते?"

रुची सरळ स्क्रीनवरचं वाचायलाच लागली. "आयक. मी लिवलं, तुमाले नको तं तुमी तुमच्यापुरतं बंद करा, साऱ्या दुनियेचं काऊन बंद करता? तं हा म्हनते, 'मी एकट्याने बंद केल्यास समोरच्यास वाटेल की मुद्दाम बंद केले. त्याचे मन दुखेल. सगळ्यांचेच मुळात बंद असल्यास कोणास वाईट वाटण्याचे कारण उरत नाही.'"

मोनालीचा घास हातातच राहिला. "बापा! मुद्दा तं भारी हाये."

"भारीच हाये ना! त्याचंच तं दुखते!"

"सारखेच टेढे तुमी दोघं. एवढं भांडते तं लगन करून टाक त्याच्यासंग."

मोनाली हसली. रुची हसली नाही. "लगनाच्याच पायी तं झालं सारं," ती म्हणाली.

आणि मग तिनं सांगून टाकलं. घर तिकडे चोरखमारा गावाजवळ. आई लहानपणीच गेली, घरी बाबा एकटे. बाबांनी स्थळ जमवलं, साखरपुडा झाला, आणि हिनं तो मोडला. त्या दिवसापासून बाबा बोलले नाहीत. फोन उचलत नाहीत. घरी गेली तर पाठ करून बसले. म्हणून ही मेल पाठवते. बाबा सहकारी सोसायटीच्या नोकरीतून रिटायर झाले तेव्हा हिनंच घरी कॉम्प्युटर लावून, हरकारा टाकून दिला होता. आज काय खाल्लं, कोणाचा लॅपटॉप चहात बुडला, काहीही लिहिते. एकाही मेलचं उत्तर नाही.

"पन 'वाचलं' येते," रुची म्हणाली. "हरेक वेळी येते. ते बंद झालं, तं मंग मले कसं समजंल?"

मोनालीनं हात पुसले. "मंग हेच लिव ना तिथं. ठग अन् फिग सोड. हे लिव."

उद्या मतं पडणार होती. चर्चेवरून पहारेकऱ्याच्या बाजूनं दोन जण जास्त दिसत होते. रुचीनं तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी डोळे मिटून टाकूनच दिलं. स्वतःचं नाव नाही, गावाचं नाव नाही. बाकी साखरपुड्यापासून चहात बुडलेल्या लॅपटॉपपर्यंत सगळं.

चर्चापानावर रोज भांडणारे कुठं गेले कोण जाणे!

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं आणि पहिली ओळ पहारेकऱ्याचीच. 'मी माझी मागणी मागे घेत आहे. माझे मत मोहफूल यांना.' पुढे ना कारण, ना काही. त्याच्यामागून सगळेच पलटले. खूण चालूच राहणार!

मोनाली दुकानातच नाचली. गिऱ्हाईक पाहतच राहिलं. रुचीला मात्र चैन नव्हतं. महिनाभर एक पाऊल मागे न हटलेला माणूस असा एका रात्रीत पलटतो? कोण आहे हा? नागपूरचा इंजिनिअर? कोणी वकील?

"विचार ना त्यालेच," मोनाली म्हणाली.

रुचीनं त्याला वेगळा निरोप टाकला. 'आभारी आहे. पण खरं सांगा, तुमचं मन काऊन बदललं? आणि तुमी आहात कोन?'

उत्तर जेवणाच्या सुट्टीत आलं. दोघी एकाच खुर्चीवर दाटीवाटीनं बसून वाचू लागल्या.

'मत तुले देल्लो, पन मुद्दा माझाच बरोबर हाये, पोरी. घरी ये, तोंडावर सांगतो. तुझा बाबा.'