अस्वलाची उंची

"कट!" दिग्दर्शक ओरडला. "बाळा, चेंडूकडे बघायचं. चेंडू म्हणजे अस्वल. तू पुन्हा वर बघितलंस."

सहाव्यांदा. हिरव्या कापडाने मढवलेल्या त्या हॉलमध्ये निळ्या फ्रॉकमधली सात वर्षांची राजकन्या मान खाली घालून उभी राहिली. समोर एक काठी, काठीच्या टोकाला पिवळा चेंडू. सिनेमात तिथे गाणारं अस्वल येणार होतं, पण ते नंतर, चित्रकारबाईंनी काढल्यावर. तोवर रानात चुकलेल्या राजकन्येने चेंडूलाच अस्वल मानायचं आणि त्याच्यासोबत गायचं.

कोपऱ्यात तिची आई खुर्चीच्या कडेवर टेकली होती. "जेवणाच्या सुट्टीपर्यंत जमलं नाही तर राखीव मुलीला उभं करतो, ताई," असं दिग्दर्शकाने तिला गोड शब्दांत सांगून ठेवलं होतं. काल दोघींची चाचणी झाली होती. हिची निवड झाली, ती राखीव राहिली. आता ती बाहेर तसलाच निळा फ्रॉक घालून तयार बसली होती.

पण आईचं लक्ष होतं काठी धरणाऱ्या म्हाताऱ्यावर. सगळे त्याला काठीवाले म्हणत. काठी धरणाऱ्याने खांबासारखं उभं राहायचं, हा तिथला नियम. या खांबाच्या मात्र गाणं सुरू झालं की भुवया वर जात, गाल फुगत. आणि लेकीची नजर चेंडू सोडून नेमकी त्याच्या तोंडावर जाई, चेंडूच्या वर वीतभर.

पोर पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी, तिला काय कळतंय? पण जन्मभर काठ्या धरलेल्या माणसाला कळू नये? कुठंतरी पाणी मुरत होतं.

लेकीचे केस नीट करून परतणाऱ्या मेकअपवालीला तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "ती राखीव मुलगी कुणाची हो?"

"काठीवाल्यांची नात. सख्खी नात."

म्हणजे कुंपणच शेत खात होतं! संशयाचं एक बरं असतं, एकदा तो आला की पुरावे आपल्या पायांनी चालत येतात. काल म्हाताऱ्याने लेकीला लिमलेटची गोळी दिली, तेव्हा तो भला माणूस वाटला होता. आता त्या गोळीतही डाव दिसायला लागला. मघाशी तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला होता. काय बरं पुटपुटला असेल?

सातव्या खेपेला ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. गाण्याची दुसरी ओळ आली आणि म्हाताऱ्याने चक्क नाक फेंदारून मान डोलावली. लेक गाता गाता खुदकन हसली. नजर वर.

"कट!"

आई ताडकन उठली. "साहेब, आधी या माणसाला बदला! माझ्या पोरीला मुद्दाम चुकवतोय. हिला काढलं की आपली नात उभी करायची, एवढंच चाललंय याचं."

दिग्दर्शकाने म्हाताऱ्याकडे पाहिलं. "काका, तोंडं करत होतात?"

"करत होतो," म्हातारा म्हणाला. "घाबरली होती ती." काठी शेजारच्या लाइटवाल्याच्या हातात देऊन तो बाहेर गेला.

लाइटवाला खांबाहून खांब निघाला. लेक एकटक चेंडूकडे बघत गायली, एकदाही चुकली नाही. आईला जिंकल्यासारखं वाटलं. तिने दिग्दर्शकाकडे पाहिलं, तर तो खूश नव्हता. तो चित्रकारबाईंच्या मागे उभा राहून पडद्याकडे बघत होता.

बाईंनी आत्ताचा शॉट लावला. मग त्याच्या आधीचा, हसलेला. आई पाय न वाजवता त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. आत्ताच्या शॉटमध्ये लेक चेंडूकडे बघत होती आणि चेंडूकडेच बघते आहे हे कुणालाही कळलं असतं. आधीच्या शॉटमध्ये ती कुणासोबत तरी गात होती.

"हिचं अस्वल वर आहे," बाई म्हणाल्या. "मी वीतभर उंच काढते. कागदावरच तर वाढायचंय त्याला."

"म्हणजे हा हसलेला शॉट चालेल?"

"हा, आणि त्याच्या आधीचे चार."

दिग्दर्शक आईकडे वळला. "ताई, तुमची मुलगी पक्की. राखीव मुलीला घरी जाऊ दे."

आईला आनंद झाला. पण म्हाताऱ्याला चार लोकांत बोलली होती ती. निदान चार शब्द बोलून माफी मागावी म्हणून ती लेकीचा हात धरून मेकअपच्या खोलीकडे गेली आणि दारातच थबकली.

आत म्हातारा पाठमोरा बसून नातीच्या फ्रॉकची मागची बटणं काढत होता. बोटं जाड, बटणं बारीक, त्यामुळे वेळ लागत होता.

"आजोबा, तिच्यासाठी तुम्ही अस्वल झालात ना? मेकअपवाल्या मावशी सांगत होत्या."

"हं."

"काल मी गायले तेव्हा का नाही झालात? नुसती काठी धरून उभे होतात. मी किती वेळा बघितलं तुमच्याकडे."

म्हाताऱ्याचा हात बटणावर थांबला. "तू माझी आहेस ना, बाळा. मी तसं केलं असतं तर लोक म्हणाले असते, नातीला मदत करतोय."

नातीने आरशातून त्याच्याकडे बघितलं.

"मग म्हणू द्यायचं की," ती म्हणाली.