पुसलेला फळा

“मामा, तुम्ही खोटं बोललात,” सुबोध म्हणाला.

धाकूमामा मान खाली घालून उभे होते. मुलुंडच्या त्या इस्पितळात ते फिटर होते, सुबोधच्याही आधीपासून. सुबोध देखभाल विभागाचा इंजिनीअर. समोरच्या खुर्चीत नीलम मॅडम, इस्पितळाच्या प्रशासक. मामांना कामावर ठेवायचं की घरी पाठवायचं, हे आज त्या ठरवणार होत्या.

प्रकार जिवावर बेतला असता. आदल्या दिवशी दुपारी वीज गेली आणि जनरेटर सुरूच झाला नाही. मथुराबाईंचं डायलिसिस चालू होतं, त्यांचं मशीन बंद पडलं. सिस्टर सुगंधाने मशीनचा दांडा हाताने गरागरा फिरवून नळ्यांमधलं रक्त त्यांच्या अंगात परत घातलं. बाई वाचल्या, पण अजून कुणी वॉर्डातला पंखा बंद केला तरी दचकतायत. जनरेटर उघडून पाहिला, तर तो चालू करणाऱ्या बॅटरीतलं पाणी आटलेलं. कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर मात्र म्हणत होतं, बॅटरी तपासली, काम पूर्ण. दर महिन्याला पूर्ण. करणाऱ्याचं नाव, धाकू घाडी.

सुबोधला राग होता त्याहून जास्त वाईट वाटत होतं. मामांच्या कांदिवलीच्या घरी दर गणपतीला त्याच्यासाठी मोदक बाजूला ठेवलेले असायचे. असा माणूस न केलेल्या कामापुढे आपलं नाव लावतो, हे त्याला पचत नव्हतं. त्याने मामांना कितीदा तरी विचारलं, असं का केलंत? मामांचं एकच उत्तर. चूक झाली, साहेब. पुढे अवाक्षर नाही.

या सॉफ्टवेअरच्या आधी जिन्याखालच्या खोलीत एक काळा फळा होता. त्यावर कामं लिहिली जायची. फळा गेला, कामं मोबाईलवर आली. सॉफ्टवेअर देणाऱ्या कंपनीची नेत्रा दोन दिवस येऊन प्रत्येक पाळीला शिकवणार होती. सुबोधनेच नको म्हटलं. दोन दिवस माणसं बाकावर बसवायला ही काय शाळा आहे? सगळे तर व्हॉट्सअॅप चालवतात. त्याने चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं, पाच मिनिटांत समजावलं आणि मोकळा झाला. उंटावरून शेळ्या हाकायला वेळ लागतोच कितीसा?

आज नेत्राला बोलावलं होतं ते शिकवायला नव्हे. धाकूमामांविरुद्धच्या नोंदी काढून द्यायला. तिने त्या काढल्या, वरखाली पाहिल्या आणि तिच्या कपाळावर आठी पडली. मामांची सगळी कामं रोज पाळी सुटायच्या वेळी, एकामागोमाग एक पूर्ण झालेली. खोटं बोलणारा माणूस असं ढळढळीत खोटं बोलत नाही, असं तिला वाटलं असावं. तिने मामांना त्यांचा मोबाईल काढायला सांगितला.

“मामा, घरी जाताना रोज करता ना, तसंच करून दाखवा.”

मामांनी चष्मा लावला. पडद्यावर त्या दिवसाची कामं होती. त्यांनी पहिल्या कामापुढचं हिरवं बटण दाबलं, ओळ नाहीशी झाली. मग दुसरं, मग तिसरं. पडदा कोरा झाल्यावर त्यांनी तो शर्टाच्या बाहीला पुसला आणि मोबाईल नीट टेबलावर ठेवला.

“झाला साफ. आता पुढची पाळी येऊ दे.”

नेत्राने विचारलं, यातली कामं झाली किती? मामा म्हणाले, आज पाइप फुटला होता, त्यामुळे एकच झालं. बाकीची उद्या येतील ना परत.

मग तिने हळूहळू सगळं काढून घेतलं. पाळी सुटली की फळा ओल्या फडक्याने पुसायचा, हा त्यांचा शिरस्ता. आपलं गिचमिड दुसऱ्यापुढे ठेवून जाणं म्हणजे उष्टं ताट ठेवून उठणं. काय राहिलंय ते येणाऱ्याला तोंडी सांगायचं, तो नव्याने लिहायचा. मोबाईल आल्यावर तोंडी सांगणं सुटलं, कारण राहिलेलं मोबाईलच सांगणार होता. पुसणं तेवढं राहिलं. मोबाईल बिचारा हिरवं बटण दिसलं की काम झालं समजायचा आणि बॅटरीला पुढच्या महिन्यावर ढकलायचा. दुसऱ्या दिवशी ती दिसली नाही, की मामा समजायचे, दुसऱ्या पाळीने उरकली असेल.

नीलम मॅडमनी टेबलावरचा मोबाईल उचलून कोरा पडदा पाहिला. मग त्यांनी विचारलं, “हे असं वापरायला तुम्हाला कोणी सांगितलं?”

मामांनी एकदा सुबोधकडे पाहिलं. लगेच नजर वळवली.

“कोणी नाय, मॅडम. माझा मीच समजलो तसं.”

“मग नाइलाज आहे, मामा. बाई जाता जाता वाचली,” मॅडम म्हणाल्या.

मामांनी मान हलवली. खिशातली पान्यांच्या कपाटाची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

सुबोध त्या किल्लीकडे बघत राहिला. त्याला तो चहा आठवला. एका हातात ग्लास, दुसऱ्या हाताने मामांना नवा मोबाईल देताना आपण काय म्हणालो, ते शब्दन्‌शब्द आठवलं. मामांनी मघाशी नजर का वळवली, ते त्याला आत्ता कळलं. तो खुर्चीवरून उठला.

“मॅडम, मी सांगितलं होतं. म्हणालो, मामा, शिकायचंय काय त्यात, आपला फळाच आहे हा, मोबाईलमध्ये आलाय इतकंच.” त्याने किल्ली उचलून मामांच्या हातात दिली. “मामा खोटं बोलले ते आत्ता. पहिल्यांदाच.”