एकतीस भाग खाली

तिसरं सॉफ्टवेअर उघडलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते. अतिशयनं लॅपटॉप घराच्या पुढच्या सोप्यात जमिनीवरच ठेवला होता, शेजारी हातभर लांबीचा, पेटीसारख्या पट्ट्यांचा कीबोर्ड. समोर त्याचे वडील, आदगोंडाआप्पा, ताटात तांदूळ घेऊन खडे निवडत बसले होते. दिवस बुडायच्या आत दोघांची जेवणं उरकायची होती, आणि आप्पांच्या बोटांना खडा कुठला नि दाणा कुठला हे अजून उमगत नव्हतं. हे काम अतिशयच्या अव्वाचं, म्हणजे आईचं, चंदनबालाचं. तिला जाऊन महिना झाला होता.

अतिशय महिनाभरात एकदाही रडला नव्हता. भेटायला आलेली माणसं वाट बघून गेली, पण रडू काही आलं नाही. जेवत होता, झोपत होता, कुणी विचारलं तर बरं आहे म्हणत होता. मग अव्वाच्या मागं गाणाऱ्या लीलाबाईंनी त्याला हे काम लावून दिलं. जैनांचं दशलक्षण पर्व आठ दिवसांवर आलं होतं. गावच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, सकाळच्या अभिषेकाचं पद चौतीस वर्षं अव्वा उचलायची आणि बायका मागून म्हणायच्या.

"जुनी पेटी वाळवीनं खाल्ली," लीलाबाई म्हणाल्या, "आन् नव्या पेटीवर आमचं पद बसतच न्हाई बग. तुझ्या फोनात हाय न्हवं तिचं? त्येलाच पेटीची साथ लाव आन् आणून दे. आमी मागनं म्हनतो. न्हाईतर यंदा अभिषेक मुकाच व्हायचा."

फोनात होतं. सैपाकघरात कणीक मळता मळता म्हटलेलं, दोन मिनिटांचं.

साथ लावायला बसला आणि घोडं अडलं गंधारावर. बाकीचे सूर कीबोर्डशी गुमान जुळत होते. गंधार आला की अव्वा खाली, कीबोर्ड वर, आणि दोघांचं भांडण. पहिलं सॉफ्टवेअर महागाचं, दिसायला देखणं, पण एकट्या गंधाराला हलवायची सोय त्याला सापडेना. हलवायचं तर सगळं सप्तकच हलायचं. दुसऱ्यात सोय होती, पण तिच्यासाठी वेगळी फाइल बनवा, ती भलत्याच ठिकाणी ठेवा, म्हणजे नाकापेक्षा मोती जड. कॉलेजातला मित्र जयराज कराडहून फोनवर हसला.

"गड्या, सॉफ्टवेअर कशाला बदलत बसलायस? काकूच खाली लागल्यात. त्यांचा सूर वर खेच. एका बटणाचं काम हाय."

अतिशयनं खेचला. अव्वाचा आवाज सरळ झाला, आणि कुणाचाही झाला. त्यानं तो शेवटपर्यंत ऐकला. आता तरी वाईट वाटेल म्हणून थोडं थांबला. वाटलं नाही. मग त्यानं तो पुसून टाकला.

तिसरं सॉफ्टवेअर सरकारी फॉर्मासारखं राखाडी होतं. पण त्यात प्रत्येक सुरापुढं एक रिकामा चौकोन होता. दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केलेले, पाहिजे तेवढं खाली उतरा. तो दहा उतरला. मग वीस. तिसाला भांडण मिटत आलं. एकतीसला अव्वा आणि पेटी एक झाली. हेच घ्यायचं, त्यानं ठरवलं.

आप्पांचा हात ताटात थांबला होता.

"किती खाली?" त्यांनी विचारलं.

"एकतीस भाग. शंभरातले."

"लय खरवडली म्हनायची."

"काय खरवडली?"

आप्पा तांदळाकडं बघूनच बोलले. "लग्नाला दुसरं वर्ष. बस्तीत पेटी मीच वाजवायचो. गंधाराची रीड फरफराय लागली. दुरुस्तीला मिरजंला न्यायची सोडून दाढीच्या ब्लेडनं पितळ खरवडलं. मला वाटलं, येतंय आपल्याला. सूर पार उतरला. दुसऱ्या दिशी पर्व, बस्ती गच्च भरलेली. गंधार दाबला आन् माझा हातच थांबला. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आन् आपला सूर खाली घेतला. कुणाला काय कळलं न्हाई. माझी अब्रू ऱ्हायली."

"मग नंतर दुरुस्त करून आणायची."

"नेतो म्हटलं की. ती म्हनली, ऱ्हाऊ द्या, बायकांच्या गळ्यात बसलंय आता."

अतिशय फोनाकडं बघत राहिला. "पण आप्पा, हे तिनं घरात म्हटलंय. एकटीनं. इथं कुठं हुती पेटी?"

 आप्पांनी खडा समजून एक दाणा उचलला आणि बाजूला टाकला.

बदललेले सूर साठवायचे तर त्यांना नाव द्या, असं पडद्यावर आलं. अतिशयनं 'अव्वा' टाइप केलं. आप्पा चष्मा सावरत पुढं वाकले आणि त्यांनी ती दोन अक्षरं वाचली.

"ते पुस," ते म्हणाले. "तिचा सूर सरळ हुता. माझं नाव घाल."

अतिशयनं पुसलं आणि 'आदगोंडा' लिहिलं. मग पद पहिल्यापासून लावलं. साथ सुरू झाली तसा आप्पांचा डावा हात ताटाच्या काठावर भाता मारू लागला. गंधार आला आणि हात त्या दिवसासारखा थांबला. अव्वा खाली उतरली.