हालायचं न्हाई

नांदेडच्या ॲनिमेशनच्या क्लासमधलं बुद्धप्रियाचं पहिलंच काम होतं: चालत्या माणसाचा व्हिडिओ काढायचा आणि तो बघून चित्रातला माणूस चालवायचा. देगलूरहून आलेल्या बापाला, केरबाला, घेऊन ती कॅमेऱ्याच्या दुकानात गेली.

“बाबा, दारापर्यंत चाला. कोणता कॅमेरा घ्यायचा ते बघते.”

कॅमेरा समोर येताच केरबानं गळ्याचं बटन लावलं, हात मांड्यांना चिकटवले आणि श्वास रोखला.

“बाबा, चाला की!”

“तू काढ आधी,” केरबा ओठ न हलवता म्हणाला. “आधार कार्डाच्या वक्ताला जरासा हाललो, तर साहेबानं फिरून रांगेत धाडलं.”

दुकानदाराला हसू आलं. “मामा, व्हिडिओ हाय ह्यो. हाला बिनधास्त.”

“हाव,” म्हणत केरबा आणखी ताठ झाला.

तीन कॅमेरे बघून झाले. तिन्हींत केरबाच्या डोक्यावरचा पंखा तेवढा फिरत होता. शेवटी वैतागून केरबा चहा प्यायला निघाला. बुद्धप्रियानं चौथा कॅमेरा हळूच सुरू केला. खांद्यावरचा गमजा झुलतोय, चपला फटफट वाजतायत. अगदी पाहिजे तसं चालणं!

केरबा परत आल्यावर तिनं हौसेनं त्याला ते दाखवलं. केरबानं दोनदा निरखून बघितलं आणि कॅमेरा दुकानदाराकडं सरकवला.

“ह्यो पीस खराब हाय, भाऊ. माणूस हालून राहिला ह्याच्यात. तो पहिलाच द्या, त्यात नुसता पंखा हालतो.”