उंबऱ्यावरची हाक

“अहो, उठा. चहा झालाय.”

बायकोची हाक नेहमीसारखी उंबऱ्यावरून आली. मेजर टक्क जागे होते. तरी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि झोपेचं सोंग घेतलं. लष्करात ते ट्रक चालवायचे. मेजर केलं होतं गल्लीने, परस्पर.

लढाईवरून परतले त्याच आठवड्यात तिने त्यांना खांद्याला हात लावून उठवलं होतं. डोळे उघडायच्या आत त्यांनी तिचं मनगट पिरगाळलं. हाड पुढे जुळलं. पण तेव्हापासून ते झोपलेले असताना ती उंबरा ओलांडत नव्हती, आणि ‘ये’ म्हणायला त्यांची जीभ रेटत नव्हती.

शेवटी छातीत धडधडतं म्हणून ते गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी नर्सबाईंकडे धाडलं.

“हे औषध नाही, रियाज आहे. घरी, आपला आपण करायचा,” बाई म्हणाल्या. जाग आली की उसळायचं नाही. आधी श्वास सोडायचा, चादर चाचपायची, खिडकीकडे बघायचं, मग ‘मी घरी आहे’ असं म्हणायचं. “यातून तुम्हाला काय परत हवंय?” बाईंनी विचारलं. मेजर ‘झोप’ म्हणाले. साफ खोटं. त्यांना तो खांद्यावरचा हात हवा होता.

रियाज त्यांनी नेटाने केला. ‘मी घरी आहे’ तर असं खणखणीत म्हणायचे की स्वयंपाकघरात बायकोला रोज ऐकू जायचं.

“अहो.” दुसरी हाक आली. मेजर हलले नाहीत. जागेपणी हात आपल्या ताब्यात असतात. ती नुसती जवळ आली तरी पुरे होतं.

पावलं वाजली. पलंगाची कड दबली. तिचा तळवा खांद्यावर टेकला. मेजरांना इतकं भरून आलं की मिटल्या पापण्यांतून पाणी उशीवर ओघळलं. सोंगाचे पार बारा वाजले.

“घोरत नव्हता तुम्ही,” ती म्हणाली. “जागे आहात, ते मला दारातच कळलं.”

“म्हणून आलीस होय?” मेजरांचा चेहरा पडला.

दुसऱ्या हाताने तिने चादर त्यांच्या गळ्यापर्यंत ओढली आणि पाय वर घेऊन नीट बसली.

“आता खरेखुरे झोपा,” ती म्हणाली. “मी हात काढत नाही.”