वाकडंशेपूटची शिकवणी

दार उघडायला गेली, तर दारच तिच्या अंगावर पडलं. मागोमाग भिंत आली. छप्पर तेवढं हवेत राहिलं. ते का राहिलं, हेही तिला कळलं नाही.

पडद्यावर अक्षरं उमटली. "नुसतं उभं करून भागत नाही. खिळवावं लागतं."

"खिळवायचं म्हणजे?" तिनं एका बोटानं लिहिलं.

"भिंत निवड. वर बोटीच्या नांगराचं चित्र आहे, ते दाब. नाहीतर खेळ सुरू झाला की सगळं कोसळतं."

तिनं नांगर दाबला. भिंत हलली नाही. तिला इतका आनंद झाला की ती खुर्चीतच टुणकन उडाली.

शिकवणारीचं नाव होतं वाकडंशेपूट. हे नाव तिनं लेकीच्या पडद्यावर पाठीमागून चोरून वाचलं होतं. तेव्हा लेकीनं झटकन पडदा खाली केला होता आणि म्हणाली होती, "आई, प्लीज."

हल्ली लेकीकडून एवढंच मिळायचं. हो, नाही, आई प्लीज. नवरा बोटीवर, वर्षातून दोनदा घरी. लेक तेरा वर्षांची. सुट्टी संपली की वसतिगृहाच्या शाळेत जाते म्हणून हटून बसली होती. का, ते सांगायला तयार नाही. दातांच्या दवाखान्यात रोज लोकांना 'तोंड उघडा' म्हणणाऱ्या बाईला घरातलं एक तोंड उघडता येईना.

मग तिनं 'नवशिकी' असं खोटं नाव घेतलं आणि वाकडंशेपूटला मैत्रीची विनंती पाठवली. लगेच मंजूर. म्हटलं, आई म्हणून नाही तर नाही, शिष्य म्हणून तरी पोर बोलेल.

दवाखान्यातून आली की दुपारचा एक तास तिचा. घर सामसूम असायचं. लेक आपल्या खोलीत दार लावून. सासूबाई पलीकडच्या खोलीत, नातीनं टाकून दिलेल्या टॅब्लेटवर जुन्या मालिका लावून आडव्या झालेल्या. "माझी झोप मोडू नका हं," असं रोज बजावून.

शिकणं सोपं नव्हतं. एक खांब लांब करायला गेली, तर तो ढगात गेला. खुर्ची फिरवली, ती भिंतीत रुतली. जिना केला, तो उलटा निघाला; वर चढलं की खाली पोचायचं. वाकडंशेपूट मात्र वैतागायची नाही.

"आधी माप घे. मग ओढ."

"जोड बाहेरून दिसता कामा नये."

"उलट्या बाजूनंही बघून घे. खरं काम तिथंच कळतं."

ते वाचून तिला भरून आलं. सासूबाईंचं शिवणकामाचं दुकान होतं तेव्हा लेक लहानपणी मशीनखालीच खेळायची. तिथलं सगळं कानात मुरलंय हो पोरीच्या!

संध्याकाळी चहाच्या वेळी तिनं सहज विचारलं, "काय गं, हल्ली त्या गेममध्ये घरं वगैरे बांधतेस का?"

"घरं? कसली घरं?" लेक म्हणाली.

काय नाटकी आहे, तिला वाटलं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

"आणि तू काय दुपारभर त्या डब्यात डोकं घालून बसतेस गं?" सासूबाई म्हणाल्या. "डोळे जातील. मग लोकांचे दात कुठले दिसायला!"

"दवाखान्याचं काम असतं, आई."

"असेल बाई. आम्हाला काय कळतंय!"

पुढल्या दुपारी खिडक्या बसवत असताना वाकडंशेपूटनं अचानक लिहिलं, "एक विचारू? मुलींना वसतिगृहात का जावंसं वाटतं?"

तिचे हात थांबले. पोर स्वतःबद्दलच विचारत होती. मनात नसेल का जायचं? की आपलं उत्तर पडताळून बघतेय?

"घरात कुणी ऐकत नसेल म्हणून," तिनं जपून लिहिलं.

मग आलं, "आमच्या घरात सगळे दारं लावून बसतात. माझ्याशी तर कामापुरतंच बोलतात. मी असून नसल्यासारखी."

तिला हुंदका आवरेना. रात्री तिनं लेकीच्या ताटाशेजारी बसून तिच्या केसांतून हात फिरवला. लेकीनं मान काढून घेतली आणि संशयानं बघितलं. "आई, तुला बरं वाटत नाहीये का?"

तिला काहीच समजेना. पडद्यावर एवढं मोकळं होणारी पोर समोर आली की दगड कशी होते? सुट्टीचा शेवटचा आठवडा उरला होता. बॅग अर्धी भरूनही झाली होती.

दुसऱ्या दुपारी घर पुरं झालं. सगळं खिळवलेलं, एकही जोड दिसत नव्हता. खेळ सुरू केला. काही पडलं नाही. दोघींच्या बाहुल्या घरात शिरल्या आणि खिडकीशी उभ्या राहिल्या.

"छान जमलं गं तुला," वाकडंशेपूटनं लिहिलं.

आता नाही तर कधीच नाही. तिनं हेडफोन नीट केले आणि कधीच न दाबलेलं माइकचं बटण दाबलं.

"पिल्ला," ती म्हणाली, "मी आहे गं. तुझी आई. तू नको ना जाऊस. तू सांगशील ते सगळं ऐकते मी."

मग खरखर झाली आणि आवाज आला, आधी भिंतीपलीकडून, मग कानात :

"अगं बाई! सूनबाई, तू होय? या टॅब्लेटवर पोरीचंच नाव होतं, म्हणून मी आपली तुला तिची मैत्रीण समजून तिच्या मनातलं काढत होते! मग आता तिला विचारायचं कुणी?"