फ्रिजमधली रेघ

निशिकांत आणि त्याची चिनी बायको हुइमिन सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या एकाच फ्लॅटमध्ये वेगळे राहायला लागले, तेव्हा कारभार हातात घ्यायला सुलेखाबाई पुण्याहून तडक येऊन थडकल्या. सुनेचं बोलणं त्यांना कळत नव्हतं, त्यामुळे मुलगा सांगेल तेच खरं. फ्रिजमध्ये कुणाचं काय, यावरून रोज खडाजंगी व्हायची, म्हणून त्यांनी आत मधोमध लाल चिकटपट्टी लावली आणि डोळे वटारून सुनेला तिची बाजू दाखवली.

त्या परत निघायच्या आदल्या दिवशी नात अदिती टेबलाशी बसून इतिहासाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती.

"कोरियाचे दोन तुकडे झाले ना आजी, तेव्हा दक्षिणेत अमेरिकन सैन्याचं सरकार आलं. जनरलला तिथली भाषाच येत नव्हती. जे त्याच्या भाषेत बोलायचे, त्यांचंच तो ऐकायचा."

"शहाणाच दिसतोय मेला! बाकीच्यांना विचारायला काय झालं होतं? मग?"

"मग काय, तीन वर्षांनी सैन्याचं सरकार संपलं." अदिती उठली आणि दुधासाठी फ्रिज उघडत म्हणाली,

"त्यांनी टेम्पररी म्हणून मारलेली रेघ मात्र अजून तिथेच आहे."